नोकरी सोड म्हणणाऱ्यांना नागऱ्यातून उत्तर

नोकरी करणारा माणूस नट होऊ शकत नाही, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. अभिनयाच्या शिबिरांत सांगितलं जातं, मुलाखतींत सांगितलं जातं, मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत तर रोजच ऐकू येतं. परतीची वाट ठेवलीस की हरलास. पगाराची सवय लागली की आतली आग विझते. रंगभूमीला उरलासुरला वेळ चालत नाही, ती अख्खा माणूस मागते. हे ऐकणारी मुलं मी पाहतो. नागरा गोंदियापासून सायकलच्या अंतरावर, बालाघाटच्या रस्त्याला. इथली पोरं सकाळी डबा घेऊन गोंदियाला जातात, राइस मिलमध्ये हिशेब लिहितात, दुकानांत, दवाखान्यांत, शाळांत कामं करतात आणि मंडईचे, म्हणजे सुगीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस जवळ आले की रात्री तालमीला बसतात. त्यांच्यातला जो खरोखर चांगला असतो, त्यालाच हा उपदेश सगळ्यात खोल लागतो. मी नोकरी धरून आहे म्हणजे माझ्यातच काही कमी आहे, असं तो मनाशी म्हणू लागतो. त्या मुलाच्या वतीने मला या मताचा प्रतिवाद करायचा आहे. हे मत चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत उपदेश करणारा कधीच भरत नाही.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो. अभिनय हे शरीराचं काम आहे. आवाज, श्वास, चाल, पाठांतर यांना रोजचा सराव लागतो. आठ-नऊ तास खुर्चीत बसून आलेलं शरीर रात्रीच्या तालमीत तेवढं देऊ शकत नाही. सकाळी अकराला बोलावलेल्या ऑडिशनला कारकून जाऊ शकत नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण त्यातून ‘नोकरी सोड’ हे निघत नाही. वेळ आणि ताकद कुठून आणायची हा प्रश्न आहे, इतकंच त्यातून निघतं. नोकरी सोडल्याने तो सुटतो का, हे तपासायचं तर या मंडळींचीच उदाहरणं तपासावीत.

सगळ्यात लाडकं उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचं. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, चांगला चालणारा व्यवसाय, आणि एके दिवशी सगळं सोडून ते रंगभूमीवर आले, असं सांगतात. सोडलं हे खरं. पण कधी सोडलं? १९६९ मध्ये, ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाच्या वेळी. १९२७ चा जन्म, म्हणजे वय चाळिशी ओलांडलेलं. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं हा माणूस काय करत होता? पुण्यात वैद्यकीचं शिक्षण, मग रुग्ण, परदेशातलं प्रशिक्षण, आफ्रिकेतली नोकरी, आणि या सगळ्याच्या आजूबाजूने नाटक. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, भालबा केळकरांच्या सोबतीने. कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ त्यांनी डॉक्टर असतानाच केलं. व्यवसाय सोडल्याच्या पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, ‘नटसम्राट’ आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर उभा करण्याची जी ताकद त्यांच्यापाशी होती, ती एका वर्षात आलेली नव्हती. ती दवाखाना चालवत केलेल्या नाटकांतून आली होती. उडीची तारीख सांगायची आणि आधीची वीस वर्षं गाळायची, ही मांडणी मुलांची फसवणूक करते.

निळू फुले पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळीकाम करत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात नाटक करत होते. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना लोकांपुढे आणलं, १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडद्यावर नेलं. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. १९७४ चा ‘रजनीगंधा’ येईपर्यंत त्यांची प्रायोगिक नाटकांची वर्षं त्या पगाराच्या आधारावर गेली. अशोक सराफांनी स्टेट बँकेत सुमारे दहा वर्षं काढली, आणि त्याच वर्षांत रंगमंचावर आणि पडद्यावर उभे राहिले. या तिघांचे स्वभाव वेगळे, वाटा वेगळ्या, प्रेक्षक वेगळे. पण प्रत्येकाच्या बाबतीत काम आधी आलं, माणूस मागाहून मोकळा झाला. राजीनामा दिला म्हणून नाटक आलं, असं यातल्या कुणाच्याही बाबतीत झालेलं नाही.

ज्यांनी नोकरी नाटकासोबत वर्षानुवर्षं चालू ठेवली, त्यांचं काय करायचं? डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकवत होते, ससून रुग्णालयात रुग्ण तपासत होते, आणि १६ डिसेंबर १९७२ पासून ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस करत होते. त्याच कॉलेजात सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रात काम करत होते. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ ही नाटकं त्यांनी त्या नोकरीत असताना लिहिली आणि बसवली. ‘घाशीराम’चा तो माणसांचा पडदा आठवा. एका ओळीत उभे राहून गाणारी, डुलणारी, वळली की भिंत होणारी ती माणसं बहुतेक नोकरदार आणि विद्यार्थी होती. दिवसा कामं करायची, संध्याकाळी तालमीला यायची. ते नाटक १९८० मध्ये युरोपात गेलं. मराठी नाटकाचं नाव ज्याने जगात नेलं, ते काम हौशी माणसांनी केलं. मुंबईत सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्याच शाळेच्या सभागृहात १९७४ पासून मराठीतली सगळ्यात धाडसी प्रायोगिक चळवळ उभी राहिली. शाळा सुटल्यावर तिथे नाटक चालायचं. ‘अर्धवेळ नट म्हणजे कच्चा नट’ म्हणणाऱ्यांनी ही नावं एकदा समोर ठेवून ते वाक्य पुन्हा उच्चारावं.

आता मुंबईकडे. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. इथल्या मुलाला त्यामुळे वाटतं की मधे फक्त एक रात्र आहे. त्या रात्रीनंतर काय होतं, ते शिबिरात कुणी सांगत नाही. खोलीचं भाडं, खोलीतल्या चौघांचा वाटा, ऑडिशनला जाण्यायेण्याचे पैसे, फोटो काढायचे पैसे. दोन-तीन महिन्यांत गावाहून आणलेली रक्कम संपते आणि मग तो मुलगा पुन्हा नोकरी धरतो. हॉटेलात, फोनवर माल विकणाऱ्या कंपनीत, डिलिव्हरीच्या मोटारसायकलवर. म्हणजे नोकरी करत नट होण्याची धडपड तो करतोच, फक्त गोंदियातल्यापेक्षा वाईट नोकरी, वाईट खोली आणि घरापासून एक हजार किलोमीटर लांब. ज्याच्या नशिबाने मालिकेत काम लागतं, त्याचा दिवस बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये जातो. एकच भूमिका, एकच दिवाणखाना, शेकडो भाग. त्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण तिथेही वेळ विकलेलाच असतो, आणि विकत घेणारा दुसराच कुणी असतो. पूर्णवेळ नट म्हणजे स्वतःच्या वेळेचा मालक, हे समीकरण जुळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट संपावर गेले तेव्हा एक आकडा जगासमोर आला. त्यांच्या संघटनेचा आरोग्य विमा मिळण्यासाठी तेव्हा नटाची वर्षाची कमाई २६,४७० डॉलर लागत होती, आणि बहुसंख्य सदस्य तिथपर्यंत पोहोचत नव्हते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत चित्रपटसृष्टीतले बहुतेक नट दुसरं काही काम करूनच जगतात. लॉस एंजेलिसला जे जमलेलं नाही, ते नागऱ्याच्या एखाद्या मुलाला केवळ जिद्दीने जमेल असं सांगणारा माणूस त्याचा हितचिंतक नाही.

पगाराचा नटाला होणारा एक फायदा या चर्चेत कुणी मोजतच नाही. तो म्हणजे नाही म्हणण्याची ताकद. ज्याच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात, तो नट वाईट संहिता परत करू शकतो, बाईची टिंगल करणारा प्रवेश करणार नाही असं निर्मात्याला सांगू शकतो, सहा महिने एकाच चांगल्या भूमिकेवर घालवू शकतो. ज्याचं भाडं थकलंय, त्याला ही चैन नाही. आग विझते ती भुकेने जास्त लवकर विझते.

आणि हे सगळं आमच्या भागाला कुणी शिकवायची गरज नव्हती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत रंगभूमी उभी राहिली तीच मुळी काम करणाऱ्या माणसांच्या हातून. धानाचा पट्टा आहे हा. आषाढ-श्रावणात रोवणी, तेव्हा कुणाला मान वर करायची सवड नसते. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. धान घरात आलं, हातात चार पैसे आले, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या झाल्या की गावोगाव मंडई भरते. भाऊबीजेपासून सुरुवात. पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, दिवसा मंडई आणि रात्री दंडार, खडी गंमत ही इथली लोकनाट्यं आणि नाटक. पुढे शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस, आणि हा मोसम होळीपर्यंत चालतो. दंडारीत नाचणारे, बाईचा वेश घेणारे, गाणारे कोण? काल ज्यांच्या हातात विळा होता तेच. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अभ्यास आयुष्यभर केला तो या माणसांचा. कला आणि काम यांचं भांडण त्यांच्या डोक्यात कधी नव्हतं, कारण कलेचं वर्ष कामाच्या वर्षाला बेतूनच शिवलेलं होतं.

याच मातीतले परशुराम खुणे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सुमारे ८०० नाटकांत पाच हजारांवर प्रयोग केल्याची नोंद सगळीकडे छापून आली. पाच हजार प्रयोग! शहरातले किती पूर्णवेळ नट एवढ्या वेळा रंगमंचावर उभे राहतात? खुण्यांनी शेती सोडली नाही, गाव सोडलं नाही. अख्खा माणूस मागणारी रंगभूमी त्यांना मिळाली ती माणूस जिथे होता तिथेच. वडसा म्हणजे देसाईगंज हे आज या रंगभूमीचं मोठं केंद्र आहे. तिथल्या नाट्यमंडळांकडे गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवतात. ऑर्गन, तबला, रंगमंचावर प्रत्यक्ष गायलेली गाणी, मंडपाखाली हजारो माणसं, तिकीट काढून आलेली. तृषांत इंगळे यांनी २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा चित्रपट या जगावरच केला. सरकारी अनुदानाच्या आधाराशिवाय दरवर्षी भरणारं असं प्रेक्षागृह महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्नच कुठे आहे? प्रश्न आहे, आणि तो मी लपवणार नाही. शेतकरी नटाची विभागणी वर्षाची होती. पावसाळा शेताचा, हिवाळा नाटकाचा. नोकरदार नटाची विभागणी चोवीस तासांची आहे. मिलचा हिशेबनीस, शाळेचा मास्तर, बँकेतला कारकून यांना हिवाळा मोकळा मिळत नाही. उलट धानाच्या हंगामात राइस मिलला सगळ्यात जास्त काम असतं, आणि नाटकाचाही तोच हंगाम. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. तिथून मोटारसायकलवर तीस-चाळीस किलोमीटर परत, डोळे लाल, आणि सकाळी कामावर. जानेवारीच्या धुक्यात अर्धवट झोपेत गाडी चालवणं जिवावरचं आहे. हा खरा त्रास आहे. ‘हिंमत कर, सोड नोकरी’ या सल्ल्यात त्याला कसलंही उत्तर नाही.

कामाच्या बाबतीत मी नटांनाही सोडणार नाही. हजेरीवर सही करून वर्गात डुलक्या घेणारा मास्तर नाटकाचा भक्त नाही. समोर बसलेल्या चौथीच्या मुलांचं तो देणं लागतो. त्या मुलांतही एखादा नट बसलेला असेल, आणि त्याचं उच्चारण, वाचन, धीटपणा हे सगळं याच मास्तरच्या हातून घडायचं आहे. नाटकासाठी नोकरीत चोरी करणाऱ्याने नोकरदार नटांची सगळी बाजू कमकुवत केली आहे. पुढच्या माणसाने प्रामाणिकपणे रजा मागितली की साहेब आधीच्याचं उदाहरण काढतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट नाटकाच्या लांबीची. रात्रभर नाटक चालण्यामागे एक व्यवहार होता. लोक बैलगाडीने, पायी यायचे. मध्यरात्री जंगलातून परत कसे जाणार? म्हणून उजाडेपर्यंत खेळ. आज मंडपाबाहेर मोटारसायकलींच्या रांगा असतात. आणि आज प्रेक्षकही नोकरदार आहे, त्यालाही सकाळी कामावर जायचं आहे. शनिवारची नाटकं तरी सातला सुरू करून बारापर्यंत संपवावीत. परंपरा मोडली म्हणून ओरड होईल. पण परंपरेने धानाचं वेळापत्रक मानलं होतं, आता पगारदाराचं मानावं, यात परंपरेचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट रजेची. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही कामाला बाधा न आणता अधूनमधून केलेल्या कलाविषयक कामाला जागा ठेवली आहे. खेळाडू कर्मचारी स्पर्धेला जातो तेव्हा कार्यालय त्याचा सत्कार करतं, विशेष रजा देतं. नट प्रयोगाला जातो तेव्हा मात्र त्याला तोंड लपवून जावं लागतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, सरकार स्वतः ती भरवतं, आणि तिचा कणा म्हणजे हेच नोकरदार. खाजगी नोकरीत तर नियमही नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर. गोंदियातल्या मिलमालकांना आणि दुकानदारांना माझं सरळ मागणं आहे. तुम्ही मंडईला वर्गणी देता, मंडपावर तुमचं नाव झळकतं. त्याऐवजी तुमच्याकडे काम करणाऱ्या नटाला प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला यायची मुभा द्या, तेवढे तास तो पुढे भरून देईल. त्या वर्गणीपेक्षा या मुभेने रंगभूमीला जास्त मिळेल.

आता ज्या गोष्टीमुळे मला या उपदेशाची सगळ्यात जास्त चीड येते, ती सांगतो. ‘सगळं सोडून झोकून दे’ हे वाक्य फक्त पुरुषाला उद्देशून बोललं जातं. तो झोकून देतो तेव्हा घर कोण चालवतं? बायको शिवणकाम करते, आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढे जातं, बापाची एक एकर विकली जाते. त्यागाची गोष्ट त्याच्या नावावर लिहिली जाते, त्याग दुसऱ्यांनी केलेला असतो. आणि ज्या मुलीला नट व्हायचं आहे, तिला तर उलटाच अनुभव येतो. तिच्यासाठी नोकरी हीच नाटकाची परवानगी असते. स्वतःचा पगार आहे म्हणून ती घरात ठामपणे म्हणू शकते की मी तालमीला जाणार, रात्री अकराला येणार, मला घ्यायला या किंवा येऊ नका. तिला ‘नोकरी सोड’ म्हणणं म्हणजे तिच्या हातातला एकमेव आधार काढून घेणं आहे. आशा वर्कर, अंगणवाडी सेविका, नर्स, शिक्षिका यांच्यातून नट्या याव्यात असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी हवा आहे लवकर संपणारा प्रयोग, परतीची सुरक्षित गाडी, आणि नाटकातल्या बाईकडे वाकड्या नजरेने न पाहणारं गाव. हे तिन्ही मिळवण्यासाठी भांडायला पूर्णवेळ त्यागाची भाषणं करणारे कुणी येत नाहीत.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही दोन शब्द बोलायला हवेत. नोकरी कर आणि नाटकाचं खूळ डोक्यातून काढ, असं म्हणणारे वडीलधारे. त्यांची काळजी खरी असते. कर्जाचे हप्ते त्यांनी पाहिलेले असतात. पण नोकरीचं कौतुक मी करतो ते नाटकासाठी, नाटकाच्या जागी नव्हे. ज्या मुलाच्या गळ्यात आवाज आहे त्याला गप्प बसवून मिळवलेला पगार घरात फार काळ सुख देत नाही, तो घुसमटतो आणि ती घुसमट घरभर पसरते. त्याला आठवड्याच्या चार संध्याकाळी द्या. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरापाशी जत्रा भरते, तेव्हा पोराच्या हातून पंचक्रोशीची सेवा व्हावी असं तुम्हाला वाटतंच ना? नाटकही त्या पंचक्रोशीचंच काम आहे.

नोकरी कधीच सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. हातातली कामं इतकी वाढली की दोन्हीकडे अन्याय होऊ लागला, वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला, घरातल्या बाईला विचारून, तिने मनापासून हो म्हटल्यावर, बिनपगारी रजा काढून एक हंगाम अनुभवून पाहिला, मग खुशाल राजीनामा द्यावा. लागूंनीही दवाखाना सोडला तो कामाने बोलावलं तेव्हाच. त्या वाटेवर चालणाऱ्याला भित्रा म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

म्हणून शिबिरं घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. गोंदियात या, जरूर शिकवा, आवाज शिकवा, श्वास शिकवा, आमच्या मुलांना त्याची गरज आहे. पण समोर बसलेल्या हिशेबनिसाला नोकरी सोडायला सांगण्याआधी त्याला एवढं सांगा की तुमची स्वतःची पहिली पाच वर्षं तुमचं घरभाडं कोण भरत होतं.